दुसऱ्याचं पोर, दुसऱ्याची शुगर

स्वतःच्या शरीराला शिस्त लावणं आणि स्वतःच्या पोराला अक्कल शिकवणं ही दोन कामं माणसानं घरच्या घरी करू नयेत, बाहेर उक्ती द्यावीत, असं माझं अलीकडं पक्कं मत झालं आहे. दोन्हीकडं समोरचा आपल्याला पुरता ओळखून असतो, त्यामुळं भीती उरलेली नसते. तेच शरीर किंवा पोर दुसऱ्याचं असलं, की कुठून कोण जाणे अंगात संयम येतो, आवाज मऊ होतो आणि वाक्याच्या शेवटी 'बाळा' लागतं. दुसऱ्याच्या पोराला आपण 'बाळा' म्हणतो. स्वतःच्या पोराला आडनावासकट पूर्ण नावानं हाक मारतो, आणि तीही तिसऱ्यांदा.

हा सिद्धांत रंकाळ्याच्या काठावर सकाळी सहा ते सातमध्ये चौघांनी मिळून सिद्ध केला. चौघे म्हणजे सर, मेडिकल, फौंड्री आणि मी. कोल्हापुरात आईबापांनी ठेवलेलं नाव लग्नपत्रिकेला आणि वीजबिलाला लागतं, बाकी व्यवहार धंद्याच्या नावावर चालतो. सर हायस्कुलात गणित शिकवतात. मेडिकलचं औषधांचं दुकान आहे. फौंड्री शिरोलीच्या एमआयडीसीत सुपरवायझर. दिवसभर वितळलेल्या लोखंडाशेजारी उभं राहून आलेला असल्यामुळं घरातलं कुठलंही भांडण त्याला गारच वाटतं. मी साखर कारखान्याच्या अकौंट्समध्ये, म्हणून माझं नाव कारखाना. 'कारखाना आला का रं?' असं कुणी काठावरून ओरडलं की नवखा माणूस धुराडं शोधायला लागतो.

ओळख झाली ती पोरांच्या रिक्षेमुळं. रिक्षामामांनी महिन्याचे पैसे वाढवले, म्हणून निषेध करायला चार बाप शाळेच्या कोपऱ्यावर जमले. निषेध लगेच आटोपला, कारण मामा म्हणाले, "मग तुम्ही सोडा की पोरांना." पैसे देऊन टाकले आणि चौघे चहाच्या गाडीवर गेलो. पोरं आता रिक्षेतून कधीच उतरली, मामाही निवृत्त झाले. चहा मात्र चालू राहिला.

चहाचं चालण्यात रूपांतर झालं ते माझ्या रक्तामुळं. कारखान्यातल्या तपासणी शिबिरात माझं एचबीएवनसी 6.3 निघालं. 5.7च्या खाली असलं तर ठीक, 6.5 झालं की मधुमेह. "म्हणजे अजून झालेला नाही," मेडिकल रिपोर्ट उजेडाकडं धरून म्हणाला, "पण दारात येऊन चप्पल काढतोय." आमच्या भागाला उसाच्या साखर उताऱ्याचा केवढा अभिमान! बारा टक्क्यांच्या आसपास उतारा म्हणजे राज्यात कॉलर ताठ. तेव्हा सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कारखाना, तुमचा उतारा किती बसला?" त्या दिवसापासून माझ्या रक्ताचा रोजचा बाजारभाव ठरायला लागला.

मी म्हटलं, पुढच्या तपासणीआधी दोन दिवस गोड बंद करतो, म्हणजे आकडा उतरेल. मेडिकल हसला. रक्तातली लाल पेशी साधारण 120 दिवस जगते आणि जगते तोवर साखर तिला चिकटत राहते. ही तपासणी ती चिकटलेली साखर मोजते. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत जे जे खाल्लं त्याची सरासरी समोर येते. दोन दिवसांच्या साधूपणाला तिथं किंमत नाही. "गणपतीतले मोदक दिवाळीपर्यंत बोलतात," असं त्यानं सांगितल्यावर फौंड्रीनं मोठ्या समाधानानं विचारलं, "आणि दिवाळीतलं?"

आहारावरून काठावर दोन पक्ष पडले. सर डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या बाजूचे: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत आटपायचं, मधे काही नाही, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. फौंड्री ऋजुता दिवेकरांच्या बाजूचा, कारण त्यांचं म्हणून त्याच्या कानावर जे काही आलं होतं त्यातलं 'तूप' तेवढं त्यानं लक्षात ठेवलं होतं. महाराष्ट्रात त्या काळात घराघरांत हा वाद होता, सोयरिकी मोडायच्या बेतात आल्या होत्या, तेव्हा आम्ही तरी का मागं राहावं? वाद रंकाळा टॉवरपासून सुरू व्हायचा आणि संध्यामठाच्या बाजूला जाईपर्यंत दोन्ही पक्ष इतके दमलेले असायचे की गंगावेशीत जाऊन समोर धार काढलेलं म्हशीचं दूध प्यावं यावर एकमत व्हायचं. तांब्याभर दुधाला दीक्षितांची संमती आहे की दिवेकरांची, हे तिथं कुणी विचारायचं नाही असा अलिखित नियम होता.

फौंड्रीचं दुखणं पायाच्या अंगठ्यातलं. एका रात्री झोपेत त्याचा उजवा अंगठा असा काही ठणकायला लागला की चादरीचं टोक लागलेलंही सोसेना. कामावर काहीतरी पायावर पडलं असेल असं त्याला वाटलं. रक्त तपासलं तर युरिक ॲसिड नऊच्या घरात. पुरुषाला ते सातच्या आत हवं. डॉक्टर म्हणाले गाऊट, आणि त्याच दमात म्हणाले, "मटण बंद." कोल्हापुरात हे वाक्य इतक्या सहज उच्चारायला डॉक्टर परगावचाच लागतो.

फौंड्रीनं तडजोड सुचवली. तुकडे खात नाही, नुसता रस्सा पितो. "पांढऱ्यात काय असतंय? पाणीच की!"

मेडिकलनं त्याला शांतपणे समजावलं. गाऊटला नडतात ती प्युरिनं, आणि प्युरिनं पाण्यात विरघळतात. मटण शिजतं तेव्हा त्यातली बरीचशी रश्शात उतरतात. म्हणजे तुकडा परवडला, रस्सा नाही. अगदीच राहवलं नाही तर शिजलेला एखादा तुकडा खा, पण वाटीला हात लावू नकोस.

फौंड्री चालता चालता थांबला. "रस्सा सोडून नुसतं मटण खायला मी काय पुण्याचा हाय?"

मग आम्ही व्यवस्था लावली. रविवारी दुपारी फौंड्रीला आळीपाळीनं कुणाच्या तरी घरी जेवायला बोलवायचं, आणि त्या घरात त्या दिवशी मटण शिजवायचं नाही. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात आपल्या गल्लीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरातून खोबऱ्या-तिळाचं वाटण भाजल्याचा वास येत असताना पानात पिठलं वाढून घ्यायचं, आणि समोर बसलेल्या मित्रानं ते पिठलं श्राद्धाचं असल्यासारखं खायचं, याला जिगर लागते. माझ्या मुलीनं दुसऱ्या खेपेला विचारलं, "काका कधी बरे होणार?" तिच्या आवाजात काळजी होती. फक्त ती काकांच्या अंगठ्याची नव्हती.

सरांचा उजवा खांदा आखडला तो कशानं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. फ्रोजन शोल्डर असाच येतो, चाळिशी ते साठीच्या दरम्यान, फारसं कारण न देता. मधुमेह असला तर जास्तच. आणि जायलाही वेळ घेतो, वर्ष-दोन वर्षं कुठं गेली कळत नाही. सरांचा हात छातीच्या वर जाईना. ते फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर गणितं सोडवायला लागले. मागच्या बाकांना काही दिसत नव्हतं, पण एकाही पोरानं तक्रार केली नाही. उलट सरांबद्दलची आपुलकी त्या काळात फार वाढली, असं सर स्वतःच सांगतात.

फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम दिला: भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत जायची, जिथं दुखेल तिथं थांबायचं. सरांच्या मुलीनं हे काम अंगावर घेतलं. त्यांच्या घरात आतल्या दाराच्या चौकटीवर तिची उंची लहानपणापासून पेन्सिलीनं टिपलेली आहे, प्रत्येक वाढदिवसाची एक रेघ. तिनं चौकटीच्या दुसऱ्या बाजूला वडिलांची बोटं टिपायला सुरुवात केली, तारखेसकट. डाव्या बाजूला लेक वाढतेय, उजव्या बाजूला बाप. आम्ही गेलो की आधी चौकट बघायची, मग बसायचं. एकदा फौंड्रीनं प्रेमाच्या भरात सरांना मागून कमरेला धरून उचललं. रेघ एकदम वीतभर वर गेली. पोरीनं ती खोडली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'रद्द'. मास्तराचीच पोर.

उरला मेडिकल. सगळ्या पेठेला औषध वेळेवर घ्या म्हणून सांगणारा माणूस. "बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडायची नसते, गोळीमुळंच ते नॉर्मल आलेलं असतं," हे वाक्य मी त्याच्या काउंटरवर म्हाताऱ्यांना सांगताना अनेकदा ऐकलंय. त्याचं स्वतःचं बीपी 150 वर 96 निघालं. गोळी सुरू झाली, आकडा खाली आला, आणि यानं गोळी सोडली. विचारलं तर म्हणतो, "मला माहितेय त्यातलं." औषधांच्या दुकानात बसणाऱ्याला आणि देवळात बसणाऱ्या पुजाऱ्याला सारखाच आजार होतो, समोरच्या वस्तूची भीड चेपते.

मग ठरलं, रोज संध्याकाळी कामावरून येताना कुणीतरी एकानं त्याच्या काउंटरवर जायचं, त्याच्याच कपाटातली त्याचीच गोळी मागायची, आणि तो ती गिळेपर्यंत हलायचं नाही. पहिल्या दिवशी माझी पाळी होती. मागं एक काकू खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या होत्या. मेडिकलनं वैतागून गोळी फोडली, तोंडात टाकली, बाटलीतलं पाणी प्यायला आणि मला तोंड उघडून दाखवलं. काकू सगळं बघत होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं पण आधी चाखून बघा."

आता कुणी म्हणेल, चार घोडे झालेले पुरुष एकमेकांना सरळ विचारत का नाहीत, की बाबा रे, बरा आहेस का? नाही विचारत. आमच्यात कुणी 'कसा आहेस?' म्हटलं की समोरचा दचकून विचारतो, 'का? कुणी काय सांगितलं?' त्यापेक्षा 'क्रिएटिनिन किती?' हे विचारायला सोपं जातं. पुरुषांच्या मायेला आकडा लागतो. आमच्या बायकांची भिशी आहे, तिथं एका दुपारी थायरॉइड, सासूबाई, पोरीची पाळी आणि कर्जाचा हप्ता एवढं सगळं बोलून, रडून, वर भेळ खाऊन होतं. आम्हाला तेवढ्यालाच रंकाळ्याच्या कितीतरी फेऱ्या लागतात, आणि तरी अर्धं राहतंच.

पोरांची अदलाबदल मात्र कुणी ठरवून केली नाही. ती होत गेली.

माझी मुलगी दहावीला. तिचं आणि माझं संभाषण एका अक्षरावर येऊन ठेपलं होतं. अभ्यास झाला? हं. जेवलीस? हं. काही अडचण आहे का? हं. हे 'हं' होकारार्थी आहे की नकारार्थी, याचा निकाल तिच्या आईलाच लावता यायचा. इकडं मेडिकलला मोठ्या मुलीनंतर बऱ्याच वर्षांनी झालेला धाकटा चार वर्षांचा, आणि तो मोबाइल समोर धरल्याशिवाय घास घेईना. मोबाइल काढला की तोंड बंद. त्याच्या आजीनं दृष्ट काढून झाली, वहिनींनी तऱ्हेतऱ्हेचे डोसे करून झाले. वजन वयाच्या मानानं ठीक होतं, बालरोगतज्ज्ञ म्हणत होते, मागं लागू नका, भूक लागली की खाईल. पण भूक लागली की खाईल हे आजीला पटवणारा डॉक्टर अजून जन्माला यायचाय.

एका संध्याकाळी मेडिकलच्या घरचे सगळे कुठंतरी बाहेर जाणार होते, म्हणून धाकट्याला आमच्याकडं सोडलं. मी आतल्या खोलीत बसून बाहेरचं ऐकत होतो. माझ्या लेकीनं ताटात दूध-भाकरी कुस्करली, शेजारी उकडलेलं अंडं ठेवलं आणि पोराला समोर पाटावर बसवलं. तिनं भरवलं नाही. ती स्वतःच त्याच्या ताटातलं खायला लागली आणि बोलत सुटली. मैत्रीण कशी वागली, क्लासमधले सर कसे चिडतात, इतिहासाच्या नोट्स कुणी ढापल्या. महिन्याभरात मला जेवढे शब्द मिळाले नव्हते तेवढे त्या पोराला दहा मिनिटांत मिळाले. मधे एकदा ती म्हणाली, "विज्ञान भाग एक मला काही केल्या कळत नाही. तुला कळतंय का रे?"

पोरगं भाकरी चावत म्हणालं, "हं."

"नुसतं हं काय? नीट बोल की!" माझी लेक खेकसली.

मी आतमध्ये उशीत तोंड खुपसून हसलो. आपण होऊन बाहेर जाऊन काही बोलायचं नाही एवढं शहाणपण एव्हाना आलेलं होतं. पोरानं ताट संपवलं होतं. नंतर त्याला न्यायला आलेल्या वहिनींनी ते रिकामं ताट फोटो काढून सासूबाईंना पाठवलं. तेव्हापासून आठवड्यातून एक-दोनदा धाकटा आमच्याकडं जेवायला असतो. माझ्याशी लेक अजून 'हं'च बोलते, पण आता विज्ञान भाग एकसाठी मेडिकलच्या दुकानातला पोऱ्या, जो बी.एस्सी. करतोय, तिला अधूनमधून शिकवतो. ही माहिती पाटावरून दुकानापर्यंत कुणी पोचवली ते मी सांगणार नाही.

सरांच्या लेकीला गणिताचं वावडं. बाप गणिताचा मास्तर, त्यामुळं घरात शेकडेवारी निघाली की रडारड. सर वर्गात साठ पोरांना एकच गोष्ट चारदा समजावतात, घरी दुसऱ्यांदा विचारलं की त्यांचा आवाज चढतो. तिला गणित यायला लागलं ते फौंड्रीमुळं. तो तिला म्हणाला, "बाळा, शंभर जॉब ओतले. सात रिजेक्ट झाले. एक जॉब साडेचारशेचा. मालकाचा तोटा किती आणि मला शिव्या किती?" पोरीनं पहिलं उत्तर काढलं, दुसऱ्यापुढं 'अनंत' लिहिलं. सर हे ऐकून दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग हळूच फौंड्रीला विचारलं, "बीजगणितातलं काही असतं का रे तुमच्याकडं?"

आणि फौंड्रीचा मुलगा बारावीला, डोक्यात फुटबॉल. कोल्हापुरात ही गोष्ट साधी नाही. इथं फुटबॉल तालमींचा असतो, पेठेचा असतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की त्या दिवशी दोन पेठांतले जावईसुद्धा जपून बोलतात. फौंड्रीचं म्हणणं, आधी सीईटी, मग फुटबॉल. मुलाचं म्हणणं, सीईटी पुढच्या वर्षीही येते, गुडघा येत नाही. बापलेक एका घरात राहून आईमार्फत बोलायचे. शेवटी सरांना पाठवलं, मास्तर माणूस, समजावतील. सर मैदानावर गेले ते दुपारी, आले ते अंधार पडल्यावर, घसा बसलेला, चांगला डावा हात कुणाच्या तरी आनंदात मुरगळलेला. मॅच जादा वेळेत गेली होती. आम्हाला त्या दिवशी कळलं की सर तरुणपणी तालमीकडून गोलकीपर होते. समजावण्याचं काय झालं असं फौंड्रीनं विचारलं, तर सर त्यालाच समजावायला लागले. पोराचा डावा पाय कसा आहे, पास कसा देतो, तू एकदा येऊन बघ तरी. आपण पाठवलेला वकील पलीकडच्या पक्षाचा होऊन परत आलेला बघून फौंड्रीनं कपाळावर हात मारला. पण पुढच्या रविवारी तो स्टेडियमवर गेला, अंगठा ठणकत असताना, सगळ्यात वरच्या पायरीवर, पोराला दिसू नये म्हणून. पोराला अर्थातच दिसला. सीईटीचा अर्ज भरला आहे. बाकीचं अजून चालू आहे.

एका रात्री एकच्या सुमारास मेडिकलचा फोन आला. फक्त "ये" म्हणाला आणि ठेवला. मी पोचलो तेव्हा फौंड्रीची जुनी व्हॅन दारात उभी होती आणि फौंड्री एका पायात स्वतःची चप्पल आणि सुजलेल्या पायात बायकोची मऊ स्लीपर घालून जिन्यात. धाकट्याला ताप चढून झटका आला होता. हातपाय ताठ होऊन थरथरत होते, डोळे वर गेलेले. खोलीत शेजारपाजार गोळा झालेला. कुणी कांदा फोडून आणला होता, कुणी चप्पल हुंगवा म्हणत होतं, एका आजींनी चमचा पुढं केला होता, दातखीळ बसेल म्हणून. मेडिकल, ज्याच्या दुकानात तापाची सगळी औषधं आहेत, तो दोन्ही हातांत पॅरासिटॅमॉलच्या दोन बाटल्या घेऊन भिंतीला टेकून उभा होता. झाकण उघडायचं असतं हेही त्याला आठवत नव्हतं.

सगळं केलं ते वहिनींनी. पोराला सतरंजीवर कुशीवर वळवलं, जवळचं स्टूल पायानं लांब ढकललं, चमचा आजींच्या हातातून काढून घेतला. "तोंडात काही घालायचं न्हाई. धरून दाबायचं पण न्हाई." आणि घड्याळाकडं बघत बसल्या. लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी ऐकून ठेवलं होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांना तापात असा झटका येऊ शकतो, बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, पाच मिनिटांपुढं गेला तर मात्र एक क्षण थांबायचं नाही. तो थांबला. पोर रडलं. त्या रडण्याइतका गोड आवाज त्या खोलीत पूर्वी कुणी ऐकला नसेल.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं: मेंदूला काही होत नाही, ताप कशाचा ते बघू, सकाळपर्यंत इथंच थांबा. वहिनी पोराजवळ आत. आम्ही चौघे बाहेरच्या बाकावर. मेडिकलचे हात कापत होते. त्याला कुणी मिठी मारली नाही, पाठीवरून हातसुद्धा फिरवला नाही. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग सरांनी विषय काढला, परवाच्या मॅचमधला तो दुसरा गोल ऑफसाइड होता की नव्हता. फौंड्री म्हणाला होता. मी म्हटलं नव्हता. मेडिकल पहिल्यांदा गप्प होता, मग त्याला राहवेना, तो म्हणाला, "तुम्हाला ऑफसाइड म्हणजे काय ते तरी कळतंय का?" आणि त्यानं बाकावर दोन पॅरासिटॅमॉलच्या बाटल्या, माझी किल्ली आणि फौंड्रीची मऊ स्लीपर मांडून ऑफसाइड समजावायला सुरुवात केली. सिस्टर बाहेर येऊन दोनदा ओरडून गेल्या. दुसऱ्यांदा ओरडल्या तेव्हा त्याचे हात थरथरायचे थांबले होते, हे मी बघितलं. सरांनीही बघितलं असावं, कारण त्यांनी लगेच हार मान्य केली. एरवी सर हार मान्य करत नाहीत.

गेल्या महिन्यात आम्ही चौघांनी एकत्र तपासणी करायची ठरवली. लॅबवाल्यानं चौघांचं एकदम केलं तर सवलत देतो म्हटलं, आणि सवलत म्हटल्यावर कोल्हापूरकर आजारी पडायलाही तयार होतो. रात्रभर उपास, सकाळी रक्त, आणि उपास सुटला म्हणून लगेच मिसळ. मी ठरवून गेलो होतो की ब्रेडला हात लावायचा नाही. पण मिसळीवर कट ओतला की तो टिपून घ्यायला काहीतरी लागतं, आणि फौंड्रीनं माझ्या ताटात हळूच एक स्लाईस सरकवली. डाळीचा, मटकीचा युरिक ॲसिडला फारसा त्रास नसतो, असं मेडिकलनं सांगितल्यापासून फौंड्री मिसळीकडं औषध म्हणून बघतो.

रिपोर्ट दुपारी ग्रुपवर आले. नंबर मेडिकलनं दिलेला, त्यामुळं चौघांचे चारही एकाच ठिकाणी. चौघांपैकी एकानंही आधी स्वतःचा उघडला नाही. मी मेडिकलचं कोलेस्टेरॉल बघत होतो, मेडिकल सरांचं व्हिटॅमिन डी, सर फौंड्रीचं सगळंच. मग प्रश्न आला, घरी कुणी सांगायचं? स्वतःच्या बायकोला स्वतःचा आकडा सांगणं म्हणजे जेवणाच्या ताटावरचा हक्क सोडून देणं. ठरलं, एकमेकांच्या घरी जाऊन सांगायचं. परका माणूस समोर असला की बायका एकदम तोंड सोडत नाहीत. माझ्या वाट्याला फौंड्रीचं घर आलं.

संध्याकाळी गेलो. फौंड्री अजून कामावरून यायचा होता, म्हणजे तो गल्लीच्या टोकाला पानपट्टीवर उभा राहून मी निघायची वाट बघत होता. मी बाहेरच्या खोलीत बसलो आणि रस्त्यात तयार केलेलं वाक्य सुरू केलं, "वहिनी, काळजीचं काही नाही, फक्त युरिक ॲसिड जरा—"

"आठ पॉइंट चार," त्या आतूनच म्हणाल्या. "आधी नऊ होतं. उतरलंय की. बसा भावजी, मी चहा टाकतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भिशीच्या ग्रुपवर दुपारीच आलंय. चौघांचं पण." त्या चहा घेऊन आल्या. बिनसाखरेचा. "तुमचं सहा पॉइंट एक आलंय, बरं झालं. पण मिसळीबरोबर ब्रेडच्या तीन स्लाईस खाल्ल्या न्हवं तुम्ही? आणि कट दोनदा मागून घेतला."

मी कप हातात धरून बसलो. रिपोर्ट एक वेळ कळतील, पण स्लाईस?

"सरांनी घरी जाऊन सगळं सांगितलंय," वहिनी म्हणाल्या. "खांदा आखडलाय त्यांचा, भावजी. तोंड न्हाई."